खोडरबर नाहीसा होतो, तेव्हा हात काय करत असतो?

स्टॉप मोशनबद्दल, म्हणजे वस्तू थोडी थोडी हलवत फोटो काढून ते जोडून व्हिडिओ करण्याबद्दल, या सदरात लिहिल्यापासून जी पत्रं येताहेत, त्यांतली निम्म्याहून अधिक जादूबद्दलची आहेत. वस्तू गायब करायची आहे, पेन्सिल उडवायची आहे, मातीतून फूल काढायचं आहे. फोटो काढणं आणि ॲपमध्ये जोडणं सगळ्यांना जमलं आहे, पण जादू काही होत नाही, अशी सगळ्यांची तक्रार. मुलांच्या शिबिरांत मला हेच प्रश्न दरवेळी भेटतात, म्हणून या वेळी सदराची सगळी जागा त्यांनाच देते आहे.

प्रश्न : मी आठवीत आहे. मी चुटकी वाजवते आणि टेबलावरचा खोडरबर गायब होतो, असा व्हिडिओ केला. चुटकीचा फोटो काढला, मग बहिणीने रबर उचलला, मग पुढचा फोटो. पण पाहणारा प्रत्येक जण म्हणतो, "मध्येच उचललास, कळतंय!" शिवाय माझा हात एकदम उडी मारतो. हात अजिबात न हलवता कसा धरायचा?

हात न हलवता धरूच नकोस. सगळी अडचण तिथेच आहे. बाकी चित्र थांबलेलं असताना हात केसभर सरकला तरी डोळ्याला तेवढंच खुपतं. हात आधीपासून चालता असेल, तर दर फोटोत तो नव्या जागी दिसणार हे डोळ्याने गृहीत धरलेलं असतं. मग बहीण रबर उचलत असताना तुझा हात थोडा इकडेतिकडे झाला, तरी कुणाच्या लक्षात येत नाही. म्हणून हात डावीकडून येऊ दे, रबराच्या वर चुटकी होऊ दे आणि तसाच उजवीकडे निघून जाऊ दे. रबर उचलायचा तो हात निघाल्यावर, चुटकीच्या पुढच्या एकदोन फोटोंच्या आत.

दुसरं असं, की तुझा व्हिडिओ बहुतेक थेट चुटकीपासून सुरू होत असावा. पाहणाऱ्याची त्या रबराशी ओळखच झालेली नसते. तू आधी रबराशी खेळ. बोटाने ढकल, उभा कर, आडवा पाड, त्याने कागदावरची एक रेघ पूस. मग हात बाजूला घे आणि सातआठ फोटो नुसता रबर दिसू दे. एवढं झालं की पाहणारा निश्चिंत होतो. गायब झाल्यावरही लगेच थांबू नकोस. बोट परत येऊन त्या रिकाम्या जागेवर टकटक करेल, तळहात टेबलावरून फिरेल, एवढं दाखव. नाहीसं होणं एका फोटोत उरकतं, पण ते खरं वाटेल की नाही हे आधीच्या वीस आणि नंतरच्या दहा फोटोंवर ठरतं. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक व्हिडिओंत ते वीस आणि दहा फोटोच नसतात.

आता टेबलाकडे बघू. रबर उचलताना टेबलाला धक्का लागला, तर मागची पुस्तकं, पेनं, चटई, सगळं एकदम थरथरतं आणि चोरी पकडली जाते. म्हणून जे हलायचं नाही ते पक्कं चिकटव. चटईला खालून दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप लाव, पेनाखाली चिकट पुट्टीचा (भिंतीला कागद लावायची, पुन्हा काढता येणारी) मुगाएवढा गोळा ठेव. टेबलाचे पाय डुगडुगत असतील तर खाली घडी केलेला कागद घाल. बहिणीला सांग, टेबलाला टेकायचं नाही, वरून दोन बोटांत रबर धरून सरळ उचलायचा. रबराने रेघ पुसली असेल तर त्याचा चुरा टेबलावर राहतो. तो चुरा तसाच ठेव. रबर गेला आणि चुरा राहिला, की जादू जास्त खरी वाटते. चुकून चुरा फुंकला गेला, तर मात्र चित्रातली दुसरी एक वस्तूही त्याच क्षणी बदलते आणि डोळा तिकडे जातो.

ही युक्ती जुनी आहे. फ्रान्सचे जादूगार आणि सिनेमावाले जॉर्ज मेलिएस यांनी १८९६ साली खुर्चीवर बसलेली बाई अशीच गायब केली होती. ते सांगत, की पॅरिसच्या रस्त्यावर चित्रण करताना एकदा कॅमेरा अडकला. तो सुरू करेपर्यंत समोरची बस पुढे गेली आणि तिच्या जागी शववाहिनी आली. पडद्यावर पाहिलं, तर बसचीच शववाहिनी झालेली. गोष्ट ऐकायला छान आहे, पण तुझ्या उपयोगाचा भाग त्यापुढचा आहे. त्यांच्या उरलेल्या फिल्म अभ्यासकांनी तपासल्या, तेव्हा जादूच्या जागी फिल्म कापून जोडल्याच्या खुणा मिळाल्या. म्हणजे कॅमेरा थांबवून भागत नव्हतं. नट डगमगलेल्या नको त्या फ्रेम, म्हणजे फिल्मवरची एकेक चित्रं, कापून काढावी लागत. तूही तेच कर. रबर जातो तिथले चारपाच फोटो एकेक करून पाहा. ज्यात हात उगाच अडखळलेला दिसतो तो फोटो काढून टाक. एक फोटो कमी झाल्याने काही बिघडत नाही, हात थोडा चपळ वाटतो इतकंच.

प्रश्न : माझा मुलगा रोज संध्याकाळी खोलीत बसून फोटो काढतो. तयार झालेला व्हिडिओ सारखा उजळतो आणि मंदावतो. चांगला दिवा आणून दिला, तरी तेच. फोन बदलावा का?

फोन बदलू नका. दर फोटोला फोन स्वतः ठरवतो, की उजेड किती घ्यायचा आणि रंग किती पिवळा धरायचा. मुलाचा हात चित्रात आला की त्याचा निर्णय बदलतो, हात गेला की पुन्हा बदलतो. तो निर्णय एकदाच करून घ्यायचा. बऱ्याच फोनमध्ये पडद्यावर वस्तूच्या जागी बोट दाबून धरलं की फोकस आणि उजेड दोन्ही लॉक होतात. कॅमेऱ्यात प्रो किंवा मॅन्युअल मोड असेल तर आणखी चांगलं. तिथे आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील), शटर (एका फोटोला किती वेळ उजेड घ्यायचा), व्हाइट बॅलन्स (रंग किती पिवळा धरायचा) आणि फोकस ही चारही ठरवून टाका आणि शॉट संपेपर्यंत हात लावू नका. ऑटो एचडीआर आणि नाइट मोड या उजेड आपोआप सावरणाऱ्या सोयी बंद करा.

शटर किती ठेवायचं यालाही कारण आहे. पुष्कळ दिवे विजेच्या तालावर लुकलुकतात, फक्त आपल्या डोळ्याला ते दिसत नाही. वीज ५० हर्ट्झची असेल तर दिवा सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होतो. म्हणून शटर सेकंदाच्या १/५० किंवा १/१०० ठेवलं, की प्रत्येक फोटोत सारखाच उजेड येतो. वीज ६० हर्ट्झची असेल तिथे १/६० किंवा १/१२०.

खिडकीचा पडदा पूर्ण ओढा. दिवसाचा उजेड अर्ध्या तासात किती बदलतो, हे व्हिडिओ पाहिल्याशिवाय कळत नाही. आणि मुलाला गडद रंगाचा शर्ट घालायला सांगा. पांढरा शर्ट घालून तो कधी टेबलाजवळ, कधी लांब उभा राहिला, की शर्टावरून परतलेला उजेड चित्रावर पडतो. फोटो काढताना दरवेळी एकाच जागी उभं राहायची सवय लावा. एवढं करूनही लुकलुक उरलीच, तर एडिटिंगमध्ये ती कमी करायची साधनं आहेत. पण ती थोड्याशा लुकलुकीसाठी, सगळा भार त्यांच्यावर टाकू नका.

प्रश्न : एका सेकंदाला किती फोटो? माझा फोन भरून जातो.

घरच्या कामाला बारा. वीस सेकंदांचा व्हिडिओ म्हणजे २४० फोटो. सिनेमात सेकंदाला २४ फ्रेम असतात, पण तिथेही स्टॉप मोशनवाले पुष्कळदा एकच फोटो दोन फ्रेम चालवतात, म्हणजे हिशेब बारावरच येतो. आणि मोठ्या आकाराचे फोटो कशाला? फुल एचडी व्हिडिओची फ्रेम १९२० बाय १०८० पिक्सेलची, म्हणजे जेमतेम दोन मेगापिक्सेलची असते. फोटोचा आकार कमी करा आणि सुरू करण्याआधीच रुंदी-उंचीचं प्रमाण १६:९ निवडा. नाहीतर नंतर वरची आणि खालची पट्टी कापली जाते आणि नेमकं तिथेच काहीतरी महत्त्वाचं असतं.

प्रश्न : पेन्सिल टेबलावरून हवेत उचलली जाते, गोल फिरते आणि खाली येते, असं मला करायचं आहे. दोऱ्याने टांगली तर पेन्सिल झुलत राहते आणि दोरा दिसतो.

दोऱ्याचा नाद सोडा. तो प्रत्येक फोटोला झुलणार आणि थांबेपर्यंत वाट पाहायला लावणार. जाडसर, वाकवला की तसाच राहणारा धातूचा तार घ्या. त्याचं एक टोक जड वस्तूला घट्ट बांधा. दुसरं टोक पेन्सिलीच्या मागच्या अंगाला, कॅमेऱ्याला दिसणार नाही असं, पुट्टीने चिकटवा. तार पेन्सिलीच्या पुढून कधीही जाऊ देऊ नका. तो मागून किंवा बाजूने यावा आणि त्याच्यामागे साधी भिंत किंवा एकरंगी कागद असावा.

आता सगळ्यात महत्त्वाचा फोटो : पेन्सिल नाही, तार नाही, नुसतं टेबल आणि भिंत. हा रिकामा फोटो शॉट सुरू करण्याआधी काढा आणि संपल्यावर पुन्हा एक काढा. थर ठेवता येतात अशा कुठल्याही फोटो एडिटिंग ॲपमध्ये रिकामा फोटो खाली आणि तारेचा फोटो वर ठेवा. वरच्या फोटोतली तार पुसा. जिथे पुसाल तिथे खालची रिकामी भिंत दिसू लागते आणि पेन्सिल हवेत उरते. पेन्सिलीजवळ ब्रश लहान आणि कडा थोडी मऊ ठेवा. तार जिथे चिकटली आहे तो शेवटचा अर्धा सेंटीमीटर फोटो मोठा करून पुसावा लागतो. व्हिडिओ फसवा होतो की उघडा पडतो, ते बहुतेक इथेच ठरतं.

हे जमायचं असेल तर दोन्ही फोटोंचा उजेड तंतोतंत सारखा हवा. नाहीतर पुसलेल्या जागी ठिगळ दिसतं. उजेड मंदावण्याच्या उत्तरात सांगितलेलं लॉक करणं इथे उपयोगी पडतं. तारेची सावली पुसायला विसरू नका, पेन्सिलीची सावली मात्र जपा. सावली टेबलावर राहिली तरच पेन्सिल खरोखर वर गेल्यासारखी वाटते. दिवा असा वळवा, की जड वस्तूची आणि तारेची सावली चित्राबाहेर पडेल. कॅमेऱ्याला हात लागला तर हे सगळं वाया जातं. म्हणून फोन ट्रायपॉडवर घट्ट बसवा, विमान मोडवर टाका आणि फोटो दोन सेकंदांच्या टायमरने काढा. पुष्कळ फोनमध्ये वायरच्या इअरफोनचं आवाज वाढवायचं बटण दाबूनही फोटो निघतो.

उडण्याची चाल कशी ठेवायची हे तुम्ही विचारलं नाहीत, पण गोडी तिथेच आहे. पेन्सिल दर फोटोला सारखीच वर नेली तर ती लिफ्टसारखी दिसते. आधी टेबलावरच दोनतीन फोटो ती नुसती चुळबुळू द्या, टोक जरासं उचलू द्या. मग एक मिलिमीटर, दोन, चार, सात, दहा, दहा, दहा, आणि वर पोचताना पुन्हा सात, चार, दोन, एक. चित्राबाहेर एक पट्टी उभी चिकटवून ठेवली की मोजणं सोपं जातं. वर गेल्यावर तिला पूर्ण थांबवू नका, मिलिमीटरभर वरखाली होऊ द्या. खाली पडताना मात्र मंत्र संपलेला असतो, तिथे गुरुत्वाकर्षणाचं गणित चालतं. सेकंदाला बारा फोटोंच्या हिशेबाने हातातून सुटलेली वस्तू, सुटल्या जागेपासून मोजलं तर, पहिल्या फोटोत साधारण साडेतीन सेंटीमीटर खाली येते, दुसऱ्यात साडेतेरा, तिसऱ्यात तीस. म्हणजे तीस सेंटीमीटर पडायला फक्त तीन फोटो. मुलं तिथे पंधरा फोटो खर्च करतात, मग पेन्सिल पिसासारखी तरंगत येते आणि पाहणाऱ्याला पटत नाही. हळूहळू वर गेलेली वस्तू झटक्यात खाली आदळली, तर आधीचं तरंगणंसुद्धा जास्त खरं वाटतं.

प्रश्न : मातीच्या गोळ्यातून फूल उमलताना दाखवायचं आहे. पाकळ्या एकेक करत वाढवताना प्रत्येक फोटोत आकार बिघडतो.

उलटं करा. आधी सुंदर, पूर्ण फूल बनवा, हवा तितका वेळ घेऊन. मग फोटो काढत काढत ते मोडत जा. एक पाकळी आत दुमडा, फोटो. दुसरी दाबा, फोटो. शेवटी सगळं चेपून गोळा करा. नंतर ॲपमध्ये क्रम उलटा लावा. बिघडवणं हाताला सोपं असतं आणि ते उलटं पाहिलं की उमलणं होतं. चुरगळलेला कागद आपोआप उलगडणं, फाटलेलं चित्र जोडलं जाणं, सगळं याच वाटेने. फक्त बोटांचे ठसे मातीवर राहू देऊ नका. ओल्या बोटाने मधूनमधून माती गुळगुळीत करा.

खरंखुरं बी रुजताना दाखवायचं असेल, तर तिथे उलटं करायची सोय नाही, रोज फोटो काढत राहणंच आहे. दादासाहेब फाळक्यांनी आपला पहिला कथापट करण्याआधी, १९१२च्या सुमारास, कुंडीतला वाटाणा रुजून वाढताना असाच रोज थोडा थोडा टिपला होता. तो पाहूनच भांडवल देणाऱ्यांचा त्यांच्यावर विश्वास बसला.

प्रश्न : मी आजोबा आहे. नातीला आम्ही दोघं उडताना आणि न चालता सरकताना हवे आहोत. माझे गुडघे साथ देत नाहीत. काही मार्ग आहे का?

आहे, आणि तुमची नात योग्य माणसाकडे आली आहे. कारण यात लागतो धीर, आणि तो तुमच्याकडे तिच्याहून जास्त असणार. बाहुलीच्या जागी माणूस ठेवून केलेल्या स्टॉप मोशनला पिक्सिलेशन म्हणतात. कॅनडात काम करणाऱ्या नॉर्मन मॅकलॅरेन यांनी १९५२ साली दोन माणसांना असंच हिरवळीवरून अधांतरी सरकवलं होतं.

तुम्ही खुर्चीत बसा. नात खुर्ची पाचसात सेंटीमीटर सरकवेल, चित्राबाहेर पळेल, फोटो काढेल. व्हिडिओत तुम्ही वर्तमानपत्र वाचत वाचत खोलीभर फिराल. मजा तुमच्या चेहऱ्यात आहे. खुर्ची फिरत असताना तुम्ही शांतपणे पान उलटलंत, तर पाहणारे पुन्हा पुन्हा बघतील. मध्ये एकदा खुर्ची थांबवा, तुम्ही मान वर करून इकडेतिकडे पाहा, आणि पुन्हा चालू.

उडायचं काम नातीचं. तिने उडी मारायची, पाय वर घ्यायचे, आणि ती सगळ्यात वर असताना तुम्ही फोटो काढायचा. मग ती एक पाऊल पुढे येऊन पुन्हा उडी. बर्स्ट मोड लावा, म्हणजे एका उडीचे बरेच फोटो मिळतील, त्यांतला पाय सर्वात उंच असलेला ठेवा. शटर १/५०० किंवा त्याहून जलद हवं, त्यामुळे हे बाहेर, एकसारख्या सावलीत करा. तीन सेकंदांच्या उडण्याला ३६ उड्या होतात. बाराच्या हिशेबातही प्रत्येक फोटो दोनदा चालवलात, तर १८. तिला मध्ये बसू द्या, पाणी पिऊ द्या. दमल्यावर तिच्या उड्या बुटक्या होतात आणि उडणं खालावतं. केस बांधा आणि जमिनीवर खडूने चित्राबाहेर खुणा करा, म्हणजे पाणी पिऊन आल्यावर ती त्याच जागी उभी राहील.

प्रश्न : ॲपमध्ये चमचम, धूर, वीज असे तयार इफेक्ट असतात. ते वापरले तर चालतं का?

चालतं, पण मला ते आवडत नाहीत. मातीच्या बाहुलीच्या शेजारी गुळगुळीत डिजिटल वीज आली, की दोन वेगळ्या जगांतल्या वस्तू एकत्र ठेवल्यासारखं होतं. धुरासाठी कापूस पिंजून घ्या. पहिल्या फोटोत बोराएवढा, पुढच्यात लिंबाएवढा, मग मोठा आणि विरळ, मग तुकडे तुकडे लांब सरकवत नाहीसे. वस्तू बदलायची ती कापूस सगळ्यात मोठा असताना, त्याच्याआड. चमचमीसाठी टिकल्या किंवा चमकदार कागदाचे कपचे पसरा, आणि दर फोटोला सगळे उचलून नव्याने पसरा. एकाच जागी राहिलेली टिकली चमकत नाही, ती नुसती पडलेली दिसते. जादूच्या नेमक्या क्षणी एक फ्रेम पूर्ण पांढरी घातली, तरी झगमगाट पुरतो. एकच घाला, दोन घातल्या की डोळ्याला टोचतं.

प्रश्न : आवाज कधी आणि कसा घालायचा?

फोटो पूर्ण जोडून झाल्यावर. आधी व्हिडिओ मुका पाहा आणि कुठे कान काहीतरी मागतो ते लिहून काढा. बाजारातला तयार "जादूचा आवाज" टाळा. पेन्सिल उचलली जाताना टेबलावर ती खरोखर घासा आणि तो आवाज फोनवर जवळून रेकॉर्ड करा. पंखा बंद करून, पांघरुणाखाली बसून केलंत तर आवाज घुमत नाही. खोडरबर गायब होण्याला तोंडाने केलेला "टप" पुरतो, आणि त्यानंतर सेकंदभर पूर्ण शांतता ठेवा. पार्श्वसंगीत चालू असेल तर तेही तिथे तोडा. आवाज त्याच फ्रेमवर बसवा किंवा एक फ्रेम नंतर सरकवून पाहा. आधी आलेला आवाज लगेच जाणवतो, किंचित उशिरा आलेला खपून जातो. जिथे आपटणं आहे, तिथे मात्र आवाज आणि चित्र एकाच फ्रेमवर हवं. वरच्या पेन्सिलीच्या बाबतीत, पडल्यानंतर ती दोनदा बारीक उसळते, त्या दोन उसळ्यांनाही प्रत्येकी एक हलका आवाज द्या.